खळ, क्षार आणि दोरीवरची चादर

फॅब्रिक सॉफ्टनरची बाटली आमच्या घरात येत नाही. त्यामागे मोठं तत्त्व वगैरे काही नाही. धाकट्याला त्या वासाने शिंका सुरू होतात आणि मलाही रात्रभर कृत्रिम लॅव्हेंडरमध्ये नाक खुपसून झोपायला नको वाटतं. तरी पाहुणे मुक्कामाला आले की सकाळी कुणीतरी विचारतंच, "चादरी मऊ आहेत हो तुमच्या, धुताना काय घालता?" मी म्हणते, घालत काही नाही, काढते. यावर लोक चहाचा कप तोंडाला लावून विषय बदलतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते, ज्याला पटेल त्याने करून बघावं.

सॉफ्टनर काय करतो ते आधी सांगते, म्हणजे माझा हट्ट कशाला ते कळेल. त्यात तेलकट शेपूट असलेले आणि धन प्रभार वाहणारे रेणू असतात. ओल्या सुताचा पृष्ठभाग थोडा ऋण असतो, त्यामुळे हे रेणू त्याला चिकटतात आणि शेपट्या बाहेर काढून बसतात. हाताला लागतो तो त्या शेपट्यांचा बुळबुळीत थर. कापड होतं तसंच असतं, त्यावर फक्त मुलामा चढतो. हाच मुलामा पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून सॉफ्टनरमधून काढलेला टॉवेल अंग पुसायच्या ऐवजी अंगावर पाणी पसरवत बसतो. चादरीला टॉवेलइतकं पाणी शोषावं लागत नाही हे खरं, पण एप्रिल-मे महिन्यात घाम शोषावा लागतोच की! आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कुठेतरी पाहून शेवटच्या पाण्यात केसांचं कंडिशनर घालायला सुरुवात केली होती, "केमिकल नको" म्हणून. कंडिशनरमध्येही त्याच जातीचे रेणू असतात. फक्त बाटली महाग.

आता नव्या चादरीबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा माहेरचा विषय आहे.

माझं माहेर इचलकरंजीचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि मग गावाने मागे वळून पाहिलं नाही. आमच्या गल्लीत कुणी माग दुरुस्त करणारा जॉबर, कुणी आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारा कांडीवाला, कुणी उभे धागे फणीतून ओवणारा वहिफणीवाला. आमचे अण्णा सायझिंगला, म्हणजे धाग्यांना खळ चढवण्याच्या कामाला होते. मागावर जे उभे धागे ताणलेले असतात, त्यांना दर फेकीला वर-खाली व्हावं लागतं, फणीच्या दातांतून घासून जावं लागतं. नुसतं सूत तिथे टिकत नाही, तंतू फिसकारतात आणि धागा तुटतो. म्हणून बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढण्याआधी त्या धाग्यांना खळ पाजतात. मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च मोठ्या भांड्यात शिजवायचा, त्यात थोडं मेण किंवा चरबी, मग त्यातून हजारो धागे एकदम काढून वाफेने तापलेल्या रुळांवर वाळवायचे. अण्णांच्या शर्टाला कायम त्या शिजलेल्या खळीचा आंबूस वास असायचा. आडव्या धाग्यांना खळ नसते, त्यांना तेवढं घासून जावं लागत नाही. म्हणून कोऱ्या कापडाच्या दोन्ही दिशांना वेगवेगळी घडी घालून पाहिलीत, तर बऱ्याचदा एका दिशेला ते जास्त ताठ लागतं.

ही खळ पुढे प्रोसेसमध्ये काढली जाते. गिरण्या त्यासाठी स्टार्च पचवणारं विकर, म्हणजे अमायलेज वापरतात. हेच विकर आपल्या लाळेत असतं. जुन्या काळी विकर वेगळं मिळत नव्हतं तेव्हा कापड नुसतं पाण्यात एक-दोन दिवस भिजवून आंबवत, जंतूच खळ खाऊन टाकत. पण स्वस्तातल्या चादरीत हे काम अर्धवट झालेलं असतं. वर विक्रीसाठी कापड भरीव दिसावं म्हणून पुन्हा स्टार्चचा हात मारतात, नाहीतर उलट सिलिकॉनचा. सिलिकॉनवाली चादर दुकानात लोण्यासारखी लागते आणि काही धुण्यांनंतर खरं रूप दाखवते. "धुऊन धुऊन खराब झाली" असं आपण म्हणतो. मुळात होती तशी ती आता कळली, एवढंच.

खळ आहे की नाही हे घरी पाहता येतं. नवी चादर बादलीत कडकडीत पाण्यात तासभर भिजवा, मग ते पाणी थोडं वाटीत काढून पूर्ण गार होऊ द्या आणि त्यात बीटाडिनचा, म्हणजे आयोडीनचा, एक थेंब टाका. गार होऊ देणं महत्त्वाचं, गरम पाण्यात रंग येत नाही. पाणी निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. नुसतं पिवळट-तपकिरी राहिलं तर स्टार्च नाही, किंवा नगण्य. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकायचा शाळेतला प्रयोग, दुसरं काही नाही. थेंब चादरीवर टाकू नका, वाटीतच टाका. टाकलाच कुणी, तर व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी पाण्यात विरघळवून त्याने पुसा, डाग नाहीसा होतो. (ही युक्ती आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या पांढऱ्या कोटावर वापरावी लागते. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, हे सांगायचं राहिलं.)

काढायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. नवी चादर पहिल्यांदा गरम पाण्यात, रंग पक्का असेल तर हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात, रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी ते गढूळ पाणी फेकायचं. मग एन्झाइम (म्हणजे विकर) असलेली पावडर किंवा लिक्विड घालून कोमट पाण्यात पुन्हा तासभर, आणि मग मशीनला. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं, म्हणून आधी गरम आणि मग कोमट हा क्रम. वाटीतलं पाणी निळं व्हायचं थांबेपर्यंत हेच पुन्हा. जाड चादरीला जास्त वेळ लागतो. रंगीत चादर असेल तर आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा.

बहुतेकांची अडचण मात्र खळ नसते. त्यांची चादर जुनीच असते आणि तरी पापडासारखी वाळते. तिथे दोष पाण्याचा.

आम्ही राहतो पुण्याच्या पूर्वेच्या कडेला, जिथे इमारती आधी आल्या आणि नळ अजून यायचा आहे. बोअर आणि टँकर यांवर सगळं चालतं. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधून झिरपत आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येतं. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, गीझरचा कॉइल दगड झालेला, शॉवरची भोकं बुजलेली, हे इकडे कुणाला नवीन नाही. मी एकदा बाटलीत पाणी भरून कामावर नेलं आणि दुपारच्या सुट्टीत ईडीटीए या रसायनाने तपासलं. अमोनियाचं बफर, रंग दाखवायला चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, द्राक्षासवासारखा लाल रंग, आणि वरून थेंब थेंब सोडत निळा व्हायची वाट बघायची. ब्युरेटमधली, म्हणजे मापाच्या नळीतली, पातळी खाली खाली जात राहिली. काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, सहाशेच्या आसपास आलं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत. म्हणजे आम्ही सवलतीच्या काठावर!

ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही त्यांनी बाटलीत थोडं पाणी घेऊन अंगाच्या साबणाचे चार कीस टाकून हलवावं. भरपूर फेस आला तर पाणी मृदू. फेसाऐवजी दुधासारखं गढूळ होऊन वर साय तरंगायला लागली, तर कॅल्शियमने साबण खाल्ला. तीच साय चादरीच्या विणीत अडकते. डिटर्जंटचा साबणासारखा चोथा होत नाही, पण तोही अशा पाण्यात कमी पडतो, मग आपण एक माप जास्त टाकतो आणि ते जास्तीचं माप शेवटच्या पाण्यात पूर्ण निघत नाही. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्याने पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात खाली बसतं आणि खाली म्हणजे कुठे, तर कापडावर. कपड्याच्या वडीचा तर विचारच सोडा. स्वस्त वड्यांत वजनासाठी चुनखडीची भुकटी नाहीतर चिनी माती असते आणि आपण ती घासून घासून चादरीत भरतो.

नणंद रत्नागिरीकडे असते. तिच्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी. हाताला साबण लावला तर निघता निघत नाही, इतकं मृदू. मी घेते त्याच दुकानातून, त्याच गठ्ठ्यातून घेतलेली चादर तिच्या पलंगावर मलमल वाटते. तिला हे सांगितलं की ती म्हणते, "पावसात चार-चार दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, ते बघ की गं!" तेही खरं.

मग उपाय काय? सगळ्यात आधी पावडर कमी करायची. पावडरच्या डब्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्यापासून सुरुवात करून बघा, आणि चादरींसाठी पावडरीपेक्षा लिक्विड बरं. ड्रम ठासून भरायचा नाही. दोन डबल चादरी आणि चार अभ्रे एवढंच. चादर गोळा होऊन दुसऱ्या चादरीला पोटात घेते, मग आतल्या घडीला पाणी पोचतच नाही. जास्तीचं रिन्स लावायचं. सॉफ्टनरची सवय असलेल्या चादरीला तर हे आणखी काही वेळा करावं लागतं, मुलामा उतरेपर्यंत ती विचित्र लागते आणि माणूस धीर सोडतो.

त्यानंतर आंबट पाणी. शेवटच्या रिन्सला अर्धा कप पांढरं व्हिनेगर, सॉफ्टनरच्याच कप्प्यात ओतायचं. चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं त्यात. ते राहिलेला सोडा मारतं, कार्बोनेटचा पातळ थर विरघळवतं. वास वाळताना उडून जातो, सॅलडसारखी चादर होत नाही, घाबरू नका. इथे बहुतेक लेख थांबतात. पण आमच्यासारख्या बोअरच्या पाण्यात एक गोम आहे. वीस लिटर क्षाराच्या पाण्यातले बायकार्बोनेट एवढे असतात की तुमचं अर्धा कप व्हिनेगर त्यांच्याशी लढण्यातच संपतं, चादरीपर्यंत काही पोचत नाही. म्हणून मी ते मशीनला न देता बादलीत करते: पिळलेली चादर, ती जेमतेम बुडेल एवढंच पाणी, त्यात व्हिनेगर, दहा मिनिटं, आणि मग मशीनमध्ये फक्त स्पिन. व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्वही चालतं, अर्धा कप व्हिनेगरला साधारण एक सपाट चमचा. फक्त ते उडून जात नाही. चादरीत राहिलं आणि वरून कडक इस्त्री फिरवली तर सुती कापड पिवळं पडतं आणि कुजल्यासारखं होतं. त्यामुळे लिंबूसत्त्वानंतर एकदा साध्या पाण्यातून काढायचीच. आणि यातलं काहीही ब्लीचच्या जवळपास न्यायचं नाही. ॲसिड आणि क्लोरीन ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

शेवटचं पाणीच मृदू मिळालं तर याहून चांगलं काही नाही. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मी नळी बादलीत सोडते आणि चादरी त्यातून काढते. पावसाळ्यात गच्चीवरून पहिले दोन पाऊस वाहून गेले की पन्हाळीखाली पिंप. उलट एक गोष्ट मात्र आमच्या इमारतीत घरोघर चालते: आरओच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी साठवून कपड्यांना वापरणं. पाणी वाचवण्याची भावना उत्तम, पण फिल्टरने गाळून बाहेर टाकलेले सगळे क्षार त्या पाण्यात असतात, ते नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षाराचं असतं. त्याने फरशी पुसा, संडास धुवा, चादर नको.

आमच्या सोसायटीत मृदू पाण्याचा प्लांट आहे, रेझिनचा. रेझिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि सोडियम सोडतं, भरलं की मिठाच्या पाण्याने त्याला मोकळं करायचं. मीठ वेळेवर टाकलं तर. नाही टाकलं तर ती नुसती निळी टाकी. मी मधूनमधून नमुना तपासून आकडा कमिटीच्या ग्रुपवर टाकते, मग दोन दिवसांत मिठाची पोती येतात. लोकप्रिय झालेली नाही मी त्यामुळे.

आता वाळवणं. हा भाग लोक हसण्यावारी नेतात आणि मला विचाराल तर फुकटातला सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. दोरीवर वाळलेलं सुती कापड स्वच्छ असूनही कडक का होतं, यावर २०२० साली जपानच्या काओ कंपनीतल्या आणि होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी काम प्रसिद्ध केलं. अतिसूक्ष्म टोकाच्या सूक्ष्मदर्शकाने त्यांनी सुताचा पृष्ठभाग तपासला. वाळल्यावरही तंतूंवर थोडं बांधलेलं पाणी राहतं आणि ते शेजारच्या तंतूंना गोंदासारखं एकमेकांशी जोडतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे कडकपणा या हजारो बारीक सांध्यांचा. सांधे हलवले की मोडतात. तंतू स्थिर ठेवून संथपणे वाळवलं की ते पक्के होतात.

म्हणून झटकायचं. मशीनमधून काढलेली चादर दोघांनी चार कोपरे धरून फाडकन, आवाज येईल अशी झटकायची, मग तिरकी ओढायची, एकदा या कर्णावर, एकदा त्या. हे आणि मी बाल्कनीत रोज संध्याकाळी हे करतो, आमचं भांडण असलं तरी. मग दोरीवर, शक्यतो वाऱ्यात आणि सावलीत. हलणारी चादर मऊ वाळते. भर उन्हात ताणून चिमटे लावलेली पत्रा होते. अर्धवट वाळल्यावर उलटवून पुन्हा एक झटका, आणि किंचित दमट असतानाच काढून हाताने चोळत घडी. घडी अर्धा तास उघड्यावर ठेवून मगच कपाटात, नाहीतर बुरशी धरते. इस्त्री करत असाल तर तीही दमट असतानाच. ड्रायर असलेल्यांनी यातलं काही करायची गरज नाही, ड्रम तेच काम करतो. लोकरीचे गोळे टाकतात तेही कापड आपटत राहावं म्हणूनच.

बाकीच्या सल्ल्यांचं थोडक्यात. खायचा सोडा: सौम्य अल्कली, वास घालवतो, मऊपणाशी फारसा संबंध नाही. व्हिनेगर आणि सोडा एकत्र टाकून फसफसवणं बघायला छान, पण दोघेही एकमेकांना संपवतात आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. मीठ: नाही. रिठे: हे मात्र खरंच चांगलं. रिठ्यातल्या सॅपोनिनची, म्हणजे फेस आणणाऱ्या द्रव्याची, क्षाराच्या पाण्यात साबणासारखी साय होत नाही, म्हणून कापडात काही अडकत नाही. आठ-दहा रिठ्यांची सालं रात्री भिजवून सकाळी उकळून गाळायची. पांढऱ्या चादरीला हलकी पिवळट झाक येते, आणि तूप सांडलं असेल तर रिठ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आणि चादर मुळात कशाची आहे ते बघा. पॉलिस्टर मिसळलेल्या चादरीवर ही सगळी मेहनत वाया. पॉलिस्टर पाणी पीत नाही, ते कडक होत नाही तसं मऊही होत नाही, वर्षभरात त्यावर गोळे येतात आणि ते निघता निघत नाहीत इतके चिवट असतात. दुकानात एखादा सुटा धागा मागून काडेपेटीने जाळा, सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटाने पुसली जाणारी राख, पॉलिस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. थ्रेड काउंट, म्हणजे चौरस इंचातले धागे, हजार लिहिलेला असला की मी पाकीट खाली ठेवते. दोन-तीन पदरी बारीक धाग्याचे पदर वेगवेगळे मोजून तो आकडा फुगवता येतो. दोनशे ते चारशेच्या मधली साध्या विणीची, चांगल्या विंचरलेल्या (कोम्ब्ड) सुताची चादर आपल्या हवेला पुरते. सोलापुरी चादर वेगळी, ती जाड, अंगावर घ्यायची. तिला हे आंबट पाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा दिलं तरी पुष्कळ, मात्र झटकायला तिला तीन माणसं लागतात.